योकेबाईंकडची पानगळ

डिसेंबरात सिंगापूरला थंडी पडते असं मी म्हटलं की नागपूरकडचे लोक हसतात. हसोत बापडे. पासिर रिसला अकराव्या मजल्यावर राहून पाहा म्हणावं. समुद्रावरून एकामागून एक ढग येतात. पाऊस सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला थांबायचं सुचत नाही. घरोघरचे पंखे बंद होतात. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मंडळी जॅकेटं घालून बसतात आणि बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये गरम सूपच्या स्टॉलपुढची रांग खांबाला वळसा घालून जाते. माझी लेक यशू शाळेला सुट्टी म्हणून उशिरापर्यंत पांघरुणात असते आणि तिथूनच ओरडते, "आई, सो कोल्ड लाह! खिडकी बंद कर ना!"

मी खिडकी बंद करत नाही. ह्या दिवसांतला उजेड मला फार आवडतो. राखाडी, ओला, कुठून येतो ते न कळणारा. कशाचीच सावली पडत नाही. असा उजेड मी एकदा तीन महिने सलग पाहिला आहे आणि तेव्हापासून पाऊस असा लागून राहिला की माझं मन चांगीच्या ऑफिसात न जाता थेट हॉलंडातल्या डेल्फ्टला जातं. तसं म्हटलं तर फार लांबही जावं लागत नाही. आभाळ निवळलं की आमच्या खिडकीतून टेकोंग बेटाची बारीक रेघ दिसते. तिथे समुद्राला बांध घालून, आतलं पाणी उपसून नवी जमीन केली आहे. ही सगळी डच विद्या. मी ज्या कंपनीत काम करते तिथे असल्या पंपांची सॉफ्टवेअरं बनतात. पाणी किती चढलं की कुठला पंप सुरू व्हायचा, कुठला थांबायचा, हे ठरवण्यात माझी नोकरी चालली आहे.

त्याच कामासाठी ऑफिसनं मला एका सप्टेंबरात हॉलंडला पाठवलं. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यशूच्या शाळेमुळे थांबणं भाग होतं. "तू एकटी काय खाशील तिथं?" असं म्हणून आई माझ्याबरोबर निघाली. बाबा गेल्यावर मीच तिला नागपूरहून सिंगापूरला आणलं होतं. मी एकुलती एक. इंदोऱ्यातल्या घराला कुलूप लावलं, किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली आणि दोघी विमानात बसलो. त्याला चार वर्षं होऊन गेली होती. आई प्राथमिक शाळेत शिकवायची, तीही मराठी शाळेत. इंग्रजी वाचायची सगळं, पण बोलायची वेळ आली की माझ्याकडे बघायची.

राहायची जागा मी इंटरनेटवरून ठरवली होती. घरमालकिणीचं नाव इंग्रजीत 'जोक' असं लिहिलेलं. मिलिंद म्हणाला, "नीट चौकशी कर, कोणी तरी तुझी थट्टा करतंय." पोचल्यावर कळलं, ह्या लोकांच्यात 'ज'चा 'य' होतो. योके. ऐंशीला टेकलेल्या, ताडमाड उंच, पांढरे केस मुलासारखे कापलेले, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. आईनं दारातच त्यांना 'योकेबाई' करून टाकलं आणि त्यांनीही ते मान्य केलं.

घर अरुंद, विटांचं, कालव्याच्या काठावर. जिना इतका उभा की उतरताना शिडीसारखं पाठमोरं उतरायचं. योकेबाई खाली राहत, वरच्या दोन खोल्या आमच्या. स्वयंपाकघर एकच. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मी सहाला जेवते. तेव्हा स्वयंपाकघर माझं. त्याच्या आधी किंवा नंतर तुमचं. तुमच्या मसाल्यांचा वास मला चालतो की नाही ते मला माहीत नाही. आठवड्यानं सांगेन."

मी ओशाळले. आईनं विचारलं, "काय म्हणते?" मी गोळाबेरीज करून सांगितलं की बाईंना मसाल्यांची उत्सुकता आहे.

आठवड्यानं त्यांनी खरंच सांगितलं. "वास आवडतो. हिंगाचा नाही." बस्स. त्यात ना राग, ना माफी. आई दुसऱ्या दिवसापासून हिंग घातला की खिडकी उघडू लागली, आणि त्या विषयावर पुन्हा कधी कोणी बोललं नाही. आमच्याकडे एवढीशी गोष्ट सांगायला तीन माणसं मध्ये लागली असती.

तिथे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. एक. डबा उघडतो, समोर येतो, आपण एक उचलायचं आणि डबा टोपणासकट कपाटात परत जातो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई त्या बंद कपाटाकडे बराच वेळ पाहत राहिली. वर आल्यावर म्हणाली, "बाप्पा! डब्याला कुलूप नव्हतं एवढंच."

दोन दिवसांनी तिनं परतफेड केली. सिंगापूरहून आणलेल्या पोह्यांचा चिवडा केला, बशी शिगोशीग भरून योकेबाईंसमोर ठेवली. योकेबाईंनी चवीनं सगळा संपवला. बशी रिकामी दिसताच आईनं ती भरली. योकेबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागल्या. पुन्हा बशी रिकामी, पुन्हा आईचा हात. तिसऱ्या बशीला त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांच्या घरी ताटात टाकायचं नाही ही शिस्त, आमच्या घरी ताट रिकामं ठेवू द्यायचं नाही ही शिस्त. मी मध्ये पडले नसते तर त्या दिवशी एकीचा तरी बळी गेला असता. उलगडा झाल्यावर योकेबाई पोट धरून हसल्या आणि त्यानंतर चिवडा खाताना शेवटचे चार दाणे मुद्दाम बशीत ठेवू लागल्या.

संध्याकाळी आम्ही दोघी कालव्याकाठानं फिरायला जायचो. पाण्यावर पिवळी पानं सांडलेली असायची आणि एखादा करडा बगळा काठावर इतका स्थिर उभा की कोणी तरी विसरून गेलंय असं वाटावं. आईला मात्र पाण्यापेक्षा खिडक्यांत रस. तिथल्या लोकांच्या खिडक्या मोठाल्या आणि पडदे उघडे. दिवे लागले की सगळं घर रस्त्यावरून दिसतं. जेवायला बसलेली माणसं, पियानोवरची पुस्तकं, सोफ्यावर झोपलेलं मांजर. मी शरमेनं नजर वळवायची. आई थांबून बघायची. "घर विकायला काढलंय का यांनी?" एकदा एका म्हाताऱ्यानं आतून तिच्याकडे पाहिलं, तर तिनं हात केला. त्यानंही काटा वर करून हात केला. मग ती रोज त्या खिडकीशी हात करू लागली, आणि तो रोज वाट पाहू लागला असावा, कारण एकदा आम्हाला उशीर झाला तर तो खिडकीशी येऊन उभा होता.

त्या लोकांच्या गोष्टी आठवू लागले की एकीतून दुसरी निघत जाते. मोठी कर्तीसवरती माणसं न्याहारीला लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरवून खातात, अगदी गंभीर चेहऱ्यानं. भर पावसात सायकलवर बसलेली बाई एका हातानं छत्री धरते, दुसऱ्या हातानं सायकल, आणि पुढच्या खोक्यात तिची दोन मुलं गप्पा मारत असतात. ऊन पडलं, नुसतं अर्धा तास पडलं तरी सगळं गाव खुर्च्या बाहेर काढून सूर्याकडे तोंड करून बसतं. आणि सगळ्याला एकच शब्द, 'लेकर'. जेवण लेकर, झोप लेकर, ऊन लेकर, अंघोळ लेकर. आईला वाटलं ही बाई सारखी लेकरांची आठवण काढते. "किती जीव आहे हिचा पोरांवर," ती मला म्हणाली. खरा अर्थ 'छान, चवदार' असा आहे हे सांगितल्यावरही तिनं शब्द आपल्याच अर्थानं वापरला. मी ऑफिसातून आले की योकेबाईंना सांगायची, "माय लेकर केम." योकेबाईंना काय कळायचं कोण जाणे, पण त्या मान डोलवायच्या.

संडासात भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर वार नाहीत, साल नाही, नुसत्या तारखा आणि नावं. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे वाढदिवस. "संडासात काहून?" आईनं विचारायला लावलं. योकेबाई म्हणाल्या, "कारण तिथे माणूस रोज जातं आणि त्याला दुसरं काम नसतं." शेजारणीच्या वाढदिवसाला आम्हालाही नेलं. खोलीभर खुर्च्या गोलात मांडलेल्या. आत येणारा प्रत्येक जण फक्त शेजारणीचं नाही, तिच्या नवऱ्याचं, बहिणीचं, आमचंसुद्धा अभिनंदन करत फिरला. "आपण काय केलं बाप्पा?" आई कुजबुजली. मग योकेबाईंनी आईची जन्मतारीख विचारली. आईनं सांगितलं की खरी कोणालाच माहीत नाही, शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनमधली एक लिहिली. योकेबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग तू स्वतः एक दिवस निवड," त्या म्हणाल्या. आईला हे फार गमतीचं वाटलं. निवडला मात्र नाही. विचार करून सांगते म्हणाली.

दिवसभर मी ऑफिसात. दोघी म्हाताऱ्या घरी, दोघींना एक भाषा नाही. काय करत असतील असा विचार यायचा आणि कामात विरून जायचा. संध्याकाळी विचारलं की आई म्हणायची, "काही नाही. बसलो होतो." सिंगापूरलाही ती रोज हेच सांगायची, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ऊन पडलं. दुसऱ्या इमारतीत मीटिंग होती म्हणून मी बसनं निघाले होते. बस एका सिग्नलला थांबली. शेजारच्या लाल सायकलवाटेवरून पुढे एक उंच म्हातारी आणि तिच्या मागोमाग काळ्या, जुन्या सायकलवर दुसरी एक बाई चालली होती. डोक्यावर लोकरी टोपी, अंगात पुरुषी जॅकेट, सलवार मोज्यांत खोचलेली. पाठ ताठ. वळणावर तिनं मागे न बघता डावा हात सरळ बाहेर काढला, तिथले लोक काढतात तसा, आणि वळली. चांगली चालवते, असं माझ्या मनात आलं. मग टोपी ओळखीची वाटली. ती माझी टोपी होती. जॅकेट मिलिंदचं होतं.

माझ्या जन्माआधी आई कामठी रोडनं सायकलवर शाळेत जायची, हे मी ऐकून होते. पाहिलं कधीच नव्हतं. मला आठवते ती आई रिक्षानं जाणारी, बाबांच्या स्कूटरवर मागे बसणारी आणि अलीकडे सिंगापूरला रस्ता ओलांडताना माझा दंड धरणारी. बस सुटली. मी काचेला कपाळ लावून बघत राहिले. छोट्या कमानदार पुलावर चढताना ती उभी राहून पॅडल मारत होती.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन जे बोलले ते भीतीनं बोलले. "पडली असतीस तर?"

"पडली असती," आई शांतपणे म्हणाली. ती वाटाणे सोलत होती.

"ह्या वयात हाड मोडलं तर काय होतं माहीत आहे? परक्या देशात? बर्फासारख्या त्या पाण्यात गेली असतीस तर?"

"नाही गेली ना."

योकेबाई टेबलाशी कॉफी पीत होत्या. भाषा कळत नसली तरी भांडण कळत होतं. मी त्यांच्याकडे वळले. जमेल तितक्या सभ्यपणे म्हटलं, "तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं."

त्यांना खरोखर नवल वाटलं. "तुला? तुला कशाला? सायकल तिला चालवायची होती. मी तिला विचारलं."

"ती माझी जबाबदारी आहे."

"ती सत्तरीची बाई आहे," योकेबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता मी तिला एक गोष्ट विचारणार आहे. तू फक्त भाषांतर करायचंस. तुझं काही घालायचं नाही. चालेल?"

मी हो म्हटलं.

"विचार तिला, सिंगापूरला मुलीकडे राहायला आवडतं का?"

मी आईला मराठीत विचारलं. वाक्य साधं होतं, पण तोंडातून निघताना ते नवंकोरं वाटलं.

आई वाटाण्यांकडे बघत म्हणाली, "सांग बाईंना, लेक चांगली आहे, जावई चांगला आहे."

"ती म्हणते की," मी सुरुवात केली.

"'ती म्हणते' नको. ती बोलते तसंच बोल."

"माझी लेक चांगली आहे, जावई चांगला आहे," मी इंग्रजीत म्हटलं. स्वतःचं कौतुक स्वतः केल्यासारखं वाटलं.

"हे मी विचारलंच नव्हतं," योकेबाई म्हणाल्या.

हे मी आईला सांगितलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.   

"लेक आवडते," आई म्हणाली. "दिवस नाही आवडत."

मी ते इंग्रजीत म्हटलं. आई पुढे बोलू लागली, माझ्याकडे नाही, योकेबाईंकडे बघून, आणि मी एकेक वाक्य तिच्या मागून उचलत गेले. "सकाळी तिघं जातात. मग लिफ्टचा आवाज येत राहतो. दार उघडते, कोणी उतरते, चपला वाजवत पलीकडं निघून जाते. चार वर्षांत एकदाही ती लिफ्ट माझ्यासाठी थांबली नाही. मी टीव्ही लावते, कोणी बोलत राहावं म्हणून. महिन्यातून एकदा आपली मंडळी भेटतात, बुद्धवंदना होते, जेवण होते, सगळे मला नमस्कार करतात. मग पुढचा महिना. मला कोणी काही बोलत नाही, कोणी काही कमी करत नाही. पण मी तिथं नसली तर कोणाचं काही अडत नाही. इंदोऱ्यात माझं घर आहे. अर्धं माझ्या पगारातून बांधलेलं. मला माझ्या घरी राहायचं आहे."

"मला माझ्या घरी राहायचं आहे," मी म्हटलं. इंग्रजीत, माझ्या आवाजात, माझ्या तोंडानं. ते वाक्य खोलीत नुसतं उभं राहिलं. कोणाचं आहे ते बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं. ते मी नुसतं आईचं म्हणून म्हटलं की थोडं माझंही, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही.

योकेबाईंनी विचारलं, "व्हेन?"

मी भाषांतर करायच्या आधीच आई म्हणाली, "जॅन्युअरी."

म्हणजे तिचं सगळं ठरलेलं होतं. कोणी विचारायचीच काय ती खोटी होती.

नंतरचे काही दिवस घरात आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागलो. पानं जवळजवळ सगळी गळून गेली. हिवाळ्यासाठी तिथल्या रिवाजाप्रमाणे घड्याळं एक तास मागे गेली आणि अंधार चहाच्या वेळेला येऊन बसू लागला. एकदा योकेबाईंबरोबर भाजी घेऊन येताना मीही त्यांना सरळ विचारून टाकलं. तोपर्यंत मला ते जमू लागलं होतं. "तुम्हाला एकटं राहायला आवडतं?"

"रविवारी नाही," त्या लगेच म्हणाल्या. "रविवारची दुपार वाईट असते. कधी कधी मी घड्याळाकडे पाठ करून बसते. बाकीचे दिवस माझे आहेत." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तिचेही रविवार वाईट जातील. तू तिला ते सांग. चांगलंच होईल असं नको सांगूस."

मी सांगितलं. आई म्हणाली, "मले माहीत आहे ना ते."

पण ह्या सगळ्यावरून आईनं योकेबाईंच्या जगाला पसंतीचा शिक्का मारला असं मात्र नाही. योकेबाईंचा मुलगा पीटर एक रविवार सोडून एका रविवारी यायचा, आधी तारीख ठरवून. तीनला यायचा, कॉफी प्यायचा, एक बिस्किट खायचा, बागेतलं काही दुरुस्त करायचा आणि साडेपाचला उठायचा, कारण सहाला आईची जेवायची वेळ. पहिल्यांदा आईनं हे पाहिलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "जेवायच्या वेळेला पोरगा आईच्या घरून उठून जाते?" दुसऱ्यांदा ती नुसती बघत राहिली. तिसऱ्या वेळेस तिनं दुपारीच वरण-भात, वांग्याची भाजी करून ठेवली. पीटर कोट घालायला उठला तशी ती दारापुढे जाऊन उभी राहिली. हातात ताट.

"ईट. देन गो," आई म्हणाली.

योकेबाई सोडल्या तर चार वर्षांत तिनं परक्या माणसाशी स्वतःहून बोललेलं मी ऐकलेलं ते पहिलं इंग्रजी. पीटर सहा फुटांहून उंच, साठीच्या घरातला माणूस. त्यानं आपल्या आईकडे पाहिलं. योकेबाई गोंधळल्या. "पण घरी तुझी वाट बघत असतील. आणि मी तर तुझ्यासाठी काही काढलं नाहीये, एकच बटाटा..."

"मी फोन करतो," पीटर म्हणाला आणि कोट परत खुंटीवर टांगला.

तो हातानं भात कालवायला बघत होता आणि ते काही केल्या जमत नव्हतं. योकेबाई त्याला नावं ठेवत होत्या. मग ती दोघं डचमध्ये भराभर काही बोलू लागली. जुन्या कुठल्या तरी सहलीबद्दल असावं, कारण मध्येच पीटरनं होडी उलटल्याचा हावभाव केला. बाहेर कधीच काळोख झाला होता, पडदे अर्थातच उघडे. आई पातेल्यापाशी उभी राहून वाढायची संधी शोधत होती. तो निघून गेल्यावर योकेबाई भांडी पुसत म्हणाल्या, "तो सातच्या पुढे बसला." त्यांनी नाक शिंकरलं. आईला ह्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. चांगी विमानतळावर उतरलो तेव्हा इथे असाच पाऊस होता. आई नागपूरला परत जाणार हे मी मिलिंदला सांगितलं तेव्हा तो आधी दुखावला. "मग आपण कशाला आहोत?" म्हणाला. यशूनं आजीला मिठी मारून इंग्रजीत जोरजोरात भांडून घेतलं आणि मग तिची बॅग भरायला तीच बसली. नागपूरच्या नातेवाइकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. लेकीनं वापरून घेतलं आणि पाठवून दिलं. प्रत्येकाला समजावत बसायचं मी ठरवलं होतं, पण आईनं मनाई केली. "म्हणू दे. त्यांना मी सांगीन." जानेवारीत ती गेली. पुढे कितीतरी दिवस ऑफिसातून येऊन मी दार उघडायची आणि टीव्ही बंद असलेला पाहून दचकायची.

मला जी भीती होती ती खरी ठरली नाही असंही नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आई मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मला कळलं ते प्लास्टर घालून झाल्यावर, तिनं स्वतः फोनवर सांगितलं तेव्हा. "आधी सांगितलं असतं तर तू धावत आली असती." मी तरीही धावलेच. तिला न कळवता तिकीट काढलं. विमानात सगळा वेळ मी वाक्यं जुळवत होते. आता पुरे झालं, आता माझ्याबरोबर चल, ह्या वेळी मी विचारणार नाही, सांगणार आहे.

दुपारी इंदोऱ्यात रिक्षातून उतरले. घराचं दार सताड उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग. आतून बायकांचे आवाज येत होते, बऱ्यापैकी चढलेले. मी पायरीवर पाय ठेवला तशी एक तरुण बाई पदराला हात पुसत पुढे आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनं मला.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "बाई आहेत का?"

"आहेत ना. पण थांबा थोडं, बोलून राहिल्या त्या."

तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. सतरंजीवर आठ-दहा बायका. विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलींच्या अभ्यासाला जागा द्यायची की नाही, ह्यावर वाद चाललेला. मधोमध आई, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून, दुसऱ्या हातानं कोणाला तरी गप्प करत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी लखकन चमकलं. मी बॅग खाली ठेवली, ती उठेल म्हणून.

ती उठली नाही. "आलीस?" म्हणाली. "बस तिथं. एवढं होऊ दे." आणि समोरच्या बाईकडे वळून, "हां, तर तू काय म्हणत होतीस?"

दाराजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर मी बसले. मघाच्या बाईनं परक्या माणसाला द्यावं तसं तांब्याभांड्यानं पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, बॅग मांडीवर घेतली आणि माझा नंबर लागायची वाट बघत बसले.